गिरी आपले की त्यांचे?

"काका, युनियनमधून राजकारणात गेलेला माणूस कामगारांचा राहतो का हो?" नागपुरात अजनीच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, पुढे नोकरीही रेल्वेतच, त्यामुळे युनियनमधली नवी पोट्टी मला हे हमखास विचारतात. डोक्यात त्यांच्या जॉर्ज फर्नांडिस असतात. मला आधी पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी आठवतात, कारण ते बेंगॉल नागपूर रेल्वेच्या कामगारांचे पुढारी. तीच बीएनआर, जिची नॅरोगेज आपल्या मोतीबागेत होती.

पोट्ट्यांना सांगतो तेच इथे सांगतो. गिरी आयर्लंडमध्ये कायदा शिकून आलेले. १९२७ मध्ये खरगपूरच्या कारखान्यात नोकरकपात निघाली, संप पेटला आणि त्यात ते पुढे होते. दोनच वर्षांनी आयटकचं, म्हणजे कामगार संघटनांच्या देशव्यापी महासंघाचं, अधिवेशन इथे, नागपुरात भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ब्रिटिश सरकारने कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटले आयोगावर बहिष्कार टाकायचा की नाही, यावरून संघटना फुटली आणि बहिष्कार नको म्हणणारे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर गिरीही बाहेर पडले. म्हणजे मवाळपणा त्यांच्यात खुर्चीमुळे आला, असं म्हणायला जागा नाही. तो आधीपासूनच होता.

तरी १९५४ बघा. गिरी केंद्रात कामगारमंत्री. बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने लवादाने दिलेल्या निवाड्यात सरकारने काटछाट केली आणि या मवाळ माणसाने सरळ राजीनामा दिला. मंत्रिपद कोण सोडतं बाप्पा? माझ्या लेखी हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, राष्ट्रपती झाले त्याहूनही मोठा.

मग आला मे १९७४. फर्नांडिस रेल्वे फेडरेशनचे अध्यक्ष. संप ८ तारखेला सुरू व्हायचा होता, त्यांना २ तारखेलाच पकडलं. पोलीस पकडतील म्हणून आमच्या कॉलनीत बाप्ये रात्री क्वार्टरात झोपत नसत. दार वाजलं की आई आधी आतला दिवा मालवायची, मग "ते ड्युटीवर गेलेत" म्हणायची. संपावरच्या माणसाची ड्युटी! शिपाईही ऐकून घ्यायचा. वीस दिवसांत संप मोडला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, बाबांच्या सर्व्हिस बुकात 'ब्रेक इन सर्व्हिस', म्हणजे नोकरीत खंड, चढला. तेव्हा राष्ट्रपती भवनात कोण होतं? गिरीच. ऑगस्टपर्यंत.

घटनेने राष्ट्रपतीचे हात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेले असतात, हे मलाही कळतं. बाबांना नाही कळायचं. ते गिरींचं नाव निघालं की उठून अंगणात जायचे. मी मात्र १९५४ मुळे त्यांना आपलाच मानतो, आणि १९७४ चा राग तरीही गेलेला नाही. दोन्ही खरं आहे, पोट्ट्यांना एकच उत्तर हवं असतं.

बाबांचा ब्रेक निघाला तो १९७७ नंतर, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर. दंडवते रेल्वे युनियनमधून आलेले नव्हते. मुंबईत पदार्थविज्ञान शिकवायचे.