ट्रेसिंग चालू करताच सर्व्हर कोसळतो तेव्हा

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा लिनक्स सर्व्हर दुपारच्या पाळीत मंद पडत होता. कारण शोधण्यासाठी तिथल्या सिस्टिम सांभाळणाऱ्या मुलाने कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) झाडून सगळ्या फंक्शनांवर केप्रोब, म्हणजे चालत्या कर्नेलमध्ये हव्या त्या जागी नोंद घेणारे ट्रेसिंगचे सापळे, लावले आणि मशीन जागच्या जागी गोठले. त्याने पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोत ‘डबल फॉल्ट’ (एक बिघाड हाताळतानाच दुसरा होणे) एवढेच वाचता येत होते. कामाच्या ओळी केव्हाच वर सरकून गेल्या होत्या. ‘सर, रॅम गेली असेल का?’ असे त्याने विचारले. रॅमवर संशय घेण्याची आपल्याकडे रीतच आहे, पण प्रोब लावले की दर वेळी पडणारे आणि एरवी महिनोन्‌महिने चालणारे मशीन रॅमची तक्रार करत नसते.

केप्रोब इंटेल-एएमडी प्रोसेसरवर निवडलेल्या सूचनेचा पहिला बाइट काढून तिथे एका बाइटची ब्रेकपॉइंट सूचना बसवतो. प्रोसेसर तिथे आला की अपवाद उद्भवतो, म्हणजे चालू काम थांबते, तो अपवाद हाताळणारा कोड (हँडलर) चालतो आणि मूळ सूचनेची बाजूला ठेवलेली प्रत चालवून काम पुढे जाते. हा अपवाद हाताळणाऱ्या कोडमध्येच प्रोब बसला, तर हँडलर स्वतःलाच हाक मारत राहतो आणि स्टॅकची, म्हणजे कॉलची नोंद ठेवणाऱ्या मर्यादित मेमरीची, वाट लागते. अशी फंक्शने कर्नेलने काळ्या यादीत टाकलेली असतात, आणि ती यादी डीबगएफएस या कर्नेलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये वाचताही येते. मात्र ती माणसांनीच खुणा करून बनवलेली असल्याने, विशेषतः जुन्या कर्नेलांत, एखादे नाव सुटलेले असते.

म्हणून आधी केडंप ही पडलेल्या कर्नेलची मेमरी जपणारी सोय लावून घ्यावी. बूट होताना ‘क्रॅशकर्नेल’ या पर्यायाने थोडी मेमरी राखून ठेवली की मुख्य कर्नेल पडल्यावर दुसरा छोटा कर्नेल तिथून उठतो आणि पडलेल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवतो. ती ‘क्रॅश’ या साधनात नेमक्या त्याच आवृत्तीच्या डीबग माहितीसह उघडून ‘बीटी’ म्हटले की कॉलची साखळी दिसते. आमच्या फाइलमध्ये तीच तीन-चार फंक्शने एकाखाली एक पानभर आली होती.

तरीही ही साखळी मशीन कुठे पडले ते सांगते, बिघाड कुणी केला ते सांगेलच असे नाही. २००८ मध्ये २.६.२७ कर्नेल तयार होत असताना इंटेलच्या ई१०००ई जातीची नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली आणि सगळ्यांचा रोख कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. खरा दोषी डायनॅमिक एफट्रेस, म्हणजे कर्नेलचीच फंक्शनांचे कॉल नोंदणारी ट्रेसिंगची सोय, होता: केव्हाच मोकळ्या झालेल्या मेमरीचे पत्ते धरून तो तिथे लिहीत होता, आणि त्याच पत्त्यांवर आता कार्डाची मेमरी जोडलेली होती. २.६.२७.१ मध्ये तो बंदच करून टाकावा लागला.

त्यामुळे मी साखळीवर विसंबत नाही, प्रोब लावायच्या फंक्शनांची यादी दर फेरीला अर्धी करत जातो. ठिबकची कुठली नळी तुंबली ते शोधताना शेतकरी अर्धे व्हॉल्व्ह बंद करून पाहतो, तसेच हे. फंक्शने ५० हजार असली तरी १६ फेऱ्यांत एकावर येता येते. एफट्रेससाठी अशी वाटणी करणारी स्क्रिप्ट कर्नेलच्या सोर्समध्येच आहे. सर्व्हरऐवजी तोच कर्नेल व्हर्च्युअल मशीनमध्ये, सीरियल कन्सोल (कर्नेलचे संदेश बाहेर पाठवून साठवणारी जोडणी) जोडून चालवावा, म्हणजे शेवटच्या ओळी हातून सुटत नाहीत. दोन्ही अर्धे तुकडे सुखरूप चालले, तर मात्र दोष दोन फंक्शनांच्या जोडीत असतो आणि पुढे डोकेच चालवावे लागते.

आमच्याकडे ती वेळ आली नाही. जे एक फंक्शन उरले, ते नव्या कर्नेलच्या काळ्या यादीत होते, त्यांच्या जुन्या कर्नेलच्या नव्हते. मूळ मंदपणासाठी तर केप्रोबची गरजच नव्हती: डिस्कची मागणी निघताना आणि पुरी होताना नोंद करणारे ब्लॉक लेयरचे (कर्नेलच्या डिस्क हाताळणाऱ्या भागाचे) दोन तयार ट्रेसपॉइंट, म्हणजे कोडमध्ये आधीच ठेवलेल्या नोंदीच्या जागा, पुरले, आणि दुपारच्या पाळीतच चालणारा बॅकअप सापडला.