कलम ३०२ गेलं आणि इंदू फौजदार अडली

माझ्या इंदू फौजदारच्या दुसऱ्या कादंबरीचा खर्डा २०२५च्या उन्हाळी सुट्टीत पुरा झाला. छापायला देण्याआधी कोणातरी पोलिसाने वाचावा, म्हणून अमळनेरातच आमच्या गल्लीत राहणाऱ्या, हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या नानांकडे नेऊन दिला. चार दिवसांनी नानांनी तो परत केला तो लाल पेनाने भरूनच. पहिल्याच पानावर शेरा होता: "बाई, आते ३०२ नही, १०३ से."

मान खाली गेली. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली हे पेपरात वाचलं होतं. पण लिहिताना बोटं सिनेमातल्या पोलिसांसारखी खुनाच्या जुन्या कलमाकडे, ३०२कडेच वळत होती. जुन्या दंडविधानात ५११ कलमं होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. म्हणजे नुसते आकडे बदलून भागणार नव्हतं, सगळी मांडणीच हललेली.

इंदूची थोडी ओळख करून देते. वय ५२. शिपाई म्हणून भरती झाली, खात्यातल्या परीक्षा देत फौजदार झाली. गुडघे गेलेत, त्यामुळे पाठलाग वगैरे नाही. कुठेही गेली की आधी चुलीपाशी जाते. काय रांधलं, किती जणांचं रांधलं, ताट कोणाचं तसंच राहिलं, यावरून तिचा तपास सुरू होतो. या भागात डिसेंबर आहे, भरताचे दिवस. मळ्यात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजलेली, कळण्याच्या भाकरी नऊ माणसांच्या आणि जेवणारे आठ. नववा तापीच्या पात्रात सापडतो.

इथेच नानांनी पहिल्यांदा अडवलं. तापीच्या या काठाला अमळनेर तालुका, पलीकडे चोपडा. प्रेत मधल्या गाळात. मी दोन ठाण्यांचं हद्दीवरून भांडण लावून दिलं होतं, चांगली वीस पानं. नाना म्हणाले, पाण्यातलं प्रेत म्हटल्यावर आधी अकस्मात मृत्यू दाखल होतो, मग पंचनामा, मग शवविच्छेदन. खून दिसला की गुन्हा. शिवाय आता नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास-अटकेच्या नव्या कायद्याच्या कलम १७३मध्ये झिरो एफआयआर लिहूनच टाकलाय. हद्द कोणाची का असेना, खबर घ्यावीच लागते. वीस पानांची तीन झाली. (खरं सांगू? ती सतरा पानं कंटाळवाणीच होती.)

पण खरा पेच स्वयंपाकघरात पडला. इंदू एकटीच आत जाते, झाकणं उचलते, मनातल्या मनात हिशोब करते. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, त्याच संहितेचं कलम १०५. म्हणजे दारात दोन पंच, मोबाइल धरलेला एक पोरगेला शिपाई, आणि त्याच्यासमोर इंदू. तिचं ते मनातलं बोलणं आता कुठे ठेवू? आठवडाभर मी लिहिलंच नाही. मग एका सकाळी पोळ्या लाटताना सुचलं, ते तिने मोठ्याने बोलायचं. "टोपल्यात भाकरी एक. ठेच्याला हात नाही. परातीतलं पीठ वाळलेलं." शिपाई गोंधळतो, पंच एकमेकांकडे बघतात, आणि ओसरीवर बसलेली त्या घरातली मोठी जाऊ हे सगळं ऐकत असते. आधीच्या खर्ड्यात तिला हे कधी कळतच नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र जुन्या कायद्यातही चूकच होती. त्या जावेला मी रात्री अकराला अटक करवली होती, वर विजा वगैरे. डिसेंबरात! नानांनी पानभर फुली मारली. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. इंदू स्वतः बाई असली तरी परवानगी लागतेच. पूर्वी कलम ४६, आता ४३.

मग मी इंदूला रात्रभर त्या ओसरीवर बसवलं. दोघींना माहीत आहे सकाळी काय होणार. जाऊ शेगडी पेटवते, चहा करते, इंदूच्या गुडघ्यांना गरम विटेचा शेक देते. कबुली कोणी मागत नाही. पहाटे गोठ्यातली म्हैस हंबरते तेव्हा जाऊ विचारते, "धार काढू का आधी?" इंदू हो म्हणते. आख्ख्या पुस्तकातलं हे एकच प्रकरण मला पुन्हा वाचावंसं वाटतं.

आता तिसरा भाग सुरू केलाय. ३० जून २०२४ची रात्र, धुळे रोडवरचा एक मळा. गुन्हा बाराच्या आधीचा असेल तर जुनं कलम, नंतरचा असेल तर नवं. परवा नानांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग खून कितीले व्हयना?"

"ठरलं नाही अजून, नाना."

"आनि मी फॉर्म भरू कसा?"