बॉरो चेकरने अडवलेले तीन आठवडे

अकरा वर्षं सी प्लस प्लसमध्ये काढल्यावर रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेतली. इन्स्टॉल, कार्गो (रस्टचे प्रोजेक्ट बांधायचं साधन), पहिले छोटे प्रोग्राम एका शनिवार-रविवारात उरकले. पुढचे तीन आठवडे मात्र बॉरो चेकरने, म्हणजे कोणता डेटा कुणी उसना घेतलाय हे तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाने, अडवून धरले; ते आठवले की अजून चिडचिड होते.

सरावासाठी फोल्डरचं झाड छापायचा प्रोग्राम घेतला. हाताला सवय ठरलेली: प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे झाडातल्या प्रत्येक फोल्डरच्या नोंदीत, मुलांची यादी आणि पालकाकडे परत जाणारा पॉइंटर, म्हणजे त्याच्या जागेचा पत्ता. रस्टमध्ये तेच लिहायला गेले. रेफरन्स (उसना घेतलेला पत्ता) ठेवला तर कंपायलर लाइफटाइम मागतो, म्हणजे तो रेफरन्स कुठवर वैध आहे ते. लाइफटाइम दिला तर मूल जोडताना म्हणतो, हे आधीच उसनं दिलंय, आता बदलता येणार नाही. आरसी (एकाच डेटाचे अनेक मालक) आणि रेफसेल (उसनवारी चालवताना तपासणारं) आणले, तर कंपाइल झालं आणि चालवल्यावर पॅनिक, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद: 'ऑलरेडी बॉरोड'. मग जिथे तिथे क्लोन (डेटाच्या वेगळ्या प्रती) टाकले, तर एका प्रतीत केलेला बदल दुसरीत दिसेना. रोज जेवणं आटोपून साडेनऊला बसायचं, अकराला लॅपटॉप मिटायचा, आणि झाड तिथंच.

त्यातला एक आठवडा तर निव्वळ जुन्या उत्तरांनी खाल्ला. जादा महिरपी कंस घालून उसनवारी लवकर संपवा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो २०१८ च्या आधीचा. त्या वर्षीच्या एडिशनपासून (रस्टच्या आवृत्तीपासून), रेफरन्सचा शेवटचा वापर झाला की उसनवारी संपली असं कंपायलर स्वतःच धरतो. म्हणून उत्तर वाचण्याआधी तारीख बघा.

शेवटी ऑफिसातल्या ज्युनिअरला कोड दाखवला. तो म्हणाला, "ताई, पॉइंटर हवाच कशाला? सगळे नोड एका व्हेकमध्ये, म्हणजे रस्टच्या वाढत्या यादीत, ठेवा आणि पालकाचा फक्त नंबर लिहून ठेवा." त्या रात्री चाळीसेक ओळींत झाड उभं राहिलं. मुळाला पालक नाही, म्हणून तिथे None, म्हणजे 'काही नाही'. बाकी सगळीकडे साधा आकडा. खरंच, डोळ्यांत पाणी आलं. मधला नोड काढायचा असेल तर मात्र तो व्हेकमधून उपटू नका, पुढचे सगळे नंबर सरकतात. जागा रिकामी म्हणून खूण करून ठेवा.

इतके दिवस कंपायलर कशासाठी अडत होता, ते नंतर एका छोट्या उदाहरणात कळलं. व्हेक्टरच्या (व्हेकसारख्याच वाढत्या यादीच्या) पहिल्या घटकाचा रेफरन्स घ्या, मग त्याच व्हेक्टरमध्ये एक घटक ढकला, मग तो रेफरन्स वापरा. सी प्लस प्लस हे निमूट कंपाइल करतं. पण कपॅसिटी, म्हणजे आधी घेतलेली जागा, भरलेली असेल तर व्हेक्टर नवी मोठी जागा घेऊन सगळे घटक तिकडे हलवतं, आणि आपला रेफरन्स सोडून दिलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. रस्ट इथेच एरर ई०५०२ देऊन थांबवतं. दुसऱ्या दिवशी मी आमचा चालू कोड चाळला. अशी एक जागा सापडली. माझीच, सहा वर्षांपूर्वीची.

हो, एररचा नंबर 'रस्टसी एक्सप्लेन' या कमांडला दिला की उदाहरणासकट खुलासा मिळतो. मला तो फार उशिरा सापडला. आणि पहिल्या दिवसापासून कार्गो क्लिपी, म्हणजे कोडमधल्या खोडी दाखवणारं साधन, चालवत जा. इंडेक्स घेऊन फिरवलेले फॉर लूप, फंक्शनच्या शेवटी उगीच लिहिलेला रिटर्न, अशा आपल्या जुन्या सवयी क्लिपी ओळीच्या नंबरासकट दाखवते.