पाउचच्या मागच्या बाजूला काय लिहिले आहे? मांजरीचे ओले खाद्य निवडताना

मांजरीसाठी ओले खाद्य घेताना आपल्यापैकी बहुतेक जण पाउचची पुढची बाजू पाहून निर्णय घेतात. तिथे टपोऱ्या डोळ्यांचे एखादे पर्शियन मांजर, शेजारी सॅल्मनचा गुलाबी तुकडा आणि ‘प्रीमियम’, ‘गूर्मे’ किंवा ‘होलिस्टिक’ असा एखादा शब्द असतो. खाद्याच्या पोषणमूल्याविषयी हे शब्द काहीही ठोस सांगत नाहीत. जे सांगण्यासारखे असते ते मागच्या बाजूला, इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असते की दुकानात मी ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून वाचते. घरात एक वयस्क बोका आणि एक तरुण भाटी असल्यामुळे हे वाचन आता अंगवळणी पडले आहे, आणि त्यातून जे समजले ते इथे सविस्तर लिहीत आहे.

ओले खाद्य द्यायचेच कशाला, हा प्रश्न आधी घ्यायला हवा, कारण कोरडे खाद्य स्वस्त असते, टिकते आणि भांड्यात ठेवून कामावर निघून जाता येते. याचे मुख्य उत्तर पाणी हे आहे. घरगुती मांजर ज्या आफ्रिकी रानमांजरापासून आले, ते कोरड्या प्रदेशात राहणारे आणि शरीराला लागणारे बरेचसे पाणी भक्ष्याच्या मांसातूनच मिळवणारे जनावर आहे. त्यामुळे आपल्या मांजरींनाही तहानेची जाणीव बेताचीच असते. चार किलोच्या मांजरीला दिवसाकाठी अन्नातून आणि पिण्यातून मिळून साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. ओल्या खाद्यात ७५ ते ८५ टक्के पाणी असते, कोरड्या खाद्यात जेमतेम १० टक्के. कोरडे खाणारी मांजर पाणी जास्त पिते हे खरे, परंतु बहुधा ती तूट पूर्ण भरून निघत नाही आणि लघवी घट्ट होते. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे स्फटिक किंवा चिकट द्रव अडकून लघवी तुंबण्याचा धोका त्यांना अधिक असतो, आणि तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. ओल्या खाद्यामुळे हा आजार हमखास टळतो असे कोणीही सांगू नये. मात्र लघवी पातळ राहण्याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे.

आता पाउच उलटा करू. माझ्या मते पहिल्यांदा शोधायची गोष्ट एकच आहे: हे खाद्य ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ (परिपूर्ण) आहे की ‘कॉम्प्लिमेंटरी’ (पूरक). पहिल्या प्रकारच्या खाद्यावर मांजर एरवी दुसरे काहीही न खाता राहू शकते. दुसरा प्रकार हा तोंडीलावण्याचा. गंमत अशी की दिसायला सर्वांत मोहक असणारे डबे, ज्यांत ट्यूनाचे किंवा चिकनचे धागे स्वच्छ रश्शात तरंगताना दिसतात, ते पुष्कळदा दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि मांजरी ज्यावर तुटून पडतात त्या नळीतल्या मलईदार पेस्टही बहुतेक त्याच प्रकारच्या असतात. ते डबे वाईट नव्हेत. पण रोजच्या आहारातील उष्मांकांपैकी दहा टक्क्यांच्या वर त्यांना जागा देऊ नये. महागडा पूरक डबा आणि स्वस्त परंतु परिपूर्ण पाउच यांत रोजच्या जेवणासाठी निवड करायची झाल्यास मी विनासंकोच स्वस्त पाउच उचलीन.

‘परिपूर्ण’ या दाव्यामागे काय दडलेले असते, हे टॉरिनच्या इतिहासावरून चांगले कळते. टॉरिन हे अमिनो आम्ल मांजरीचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही. ते मांसातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की डोळ्याचा पडदा निकामी होतो, हे सत्तरच्या दशकात समजले होते आणि त्यानुसार खाद्यांत किती टॉरिन असावे हे ठरवलेही गेले होते. तरीही १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, बाजारातील नामांकित खाद्यांवर वाढलेल्या मांजरींचे हृदय टॉरिनच्या अभावी फुगून दुबळे होत आहे, आणि टॉरिन पुरवल्यावर त्यांतील अनेक मांजरी सुधारतात. त्यानंतर उत्पादकांनी प्रमाण वाढवले. आज अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना, जिला सगळे ‘आफ्को’ म्हणतात, कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद खाद्यात किमान ०.२ टक्के टॉरिन मागते, दोन्ही आकडे पाणी वगळून. डबाबंद खाद्याला दुप्पट, कारण डबे उच्च तापमानाला शिजवताना त्यातील घटकांत असे बदल होतात की आतड्यातील जिवाणू अधिक टॉरिन नष्ट करतात. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक पाउचवर आफ्कोचा किंवा ‘फेडियाफ’ या युरोपीय उत्पादक महासंघाच्या निकषांचा उल्लेख असतो. तो उल्लेख आणि सोबत ‘वयस्क’ (म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या मांजरीसाठी), ‘वाढीसाठी’ किंवा ‘सर्व वयोगटांसाठी’ यांपैकी एक निर्देश सापडला, तर पुढचे वाचन करण्यात अर्थ आहे.

पुढे येतो प्रथिनांचा आकडा, आणि इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. कोरड्या खाद्याच्या पिशवीवर ३० टक्के प्रथिने लिहिलेली असतात आणि पाउचवर साडेआठ टक्के. मग पाउच निकृष्ट वाटतो. वास्तविक दोहोंतील पाणी बाजूला काढल्याशिवाय तुलना करताच येत नाही. समजा, पाउचवर ओलावा ८२ टक्के आहे. उरलेला घन भाग १८ टक्के, आणि त्यात साडेआठ टक्के प्रथिने म्हणजे घन भागाच्या ४७ टक्के. कोरड्या पिशवीत १० टक्के ओलावा धरला, तर ९० पैकी ३० म्हणजे ३३ टक्के. आफ्कोची किमान अपेक्षा, पाणी वगळून, वयस्क मांजरीसाठी २६ टक्के आणि पिल्लांसाठी ३० टक्के आहे. मी स्वतः ओल्या खाद्यात ४५ टक्क्यांच्या खाली सहसा जात नाही.

हाच हिशेब थोडा पुढे नेला की पिष्टमय पदार्थांचा अंदाजही बांधता येतो, जो पाकिटावर सहसा छापलेला नसतो. वरच्याच पाउचमध्ये स्निग्धांश ३, तंतू १ आणि राख (म्हणजे खनिजांचा अंश) अडीच टक्के असेल, तर १८ मधून सगळे वजा जाता ३ उरतात, म्हणजे घन भागाच्या जवळजवळ १७ टक्के पिष्ट. दुसऱ्या एखाद्या पाउचवर ओलावा ८०, प्रथिने ११, स्निग्धांश ५, तंतू अर्धा आणि राख अडीच असे आकडे असतील, तर प्रथिने ५५ टक्के आणि पिष्ट अवघे ५ टक्के भरते. छापलेले आकडे किमान किंवा कमाल मर्यादेचे असल्यामुळे हा अंदाजच आहे, परंतु दोन पाउचमध्ये निवड करायला तो पुरतो. दाट ग्रेव्हीसाठी स्टार्च लागतो, म्हणून ग्रेव्हीवाल्या प्रकारांत पिष्ट सामान्यतः अधिक आणि वडीसारख्या घट्ट ‘पाते’ प्रकारात कमी आढळते. मधुमेही मांजर असलेल्या घरांत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

प्रथिनांच्या आकड्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजली जात नाहीत; नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. याच फटीतून २००७ सालची दुर्घटना घडली. त्या वर्षी मार्च महिन्यात ‘मेन्यू फूड्स’ या कॅनडातील उत्पादकाला कुत्र्या-मांजरांच्या ओल्या खाद्याचे सुमारे सहा कोटी डबे आणि पाउच बाजारातून परत घ्यावे लागले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिकनिर्मितीत वापरले जाणारे रसायन मिसळलेले होते. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असल्याने कागदावर प्रथिने वाढलेली दिसत होती, आणि त्याचे, त्याच मालात आढळलेल्या सायन्युरिक आम्लाबरोबर मूत्रपिंडात स्फटिक होऊन जनावरे मरत होती. या प्रकरणातून आणखी एक गोष्ट उघड झाली: वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या किमतींना विकले जाणारे कितीतरी ब्रँड एकाच कारखान्यातून निघत होते. म्हणून खाद्य कोण बनवते, पाककृती ठरवायला त्यांच्याकडे पशुपोषणाचा तज्ज्ञ आहे का, तयार मालाची तपासणी कोण करते, हे कंपनीला ईमेल करून विचारण्यात संकोच बाळगू नये. ज्या कंपन्या सरळ उत्तर देतात त्यांच्याविषयी माझे मत आपोआप चांगले होते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे तिथे मांस, यकृत, हृदय, कोंबडी, मासा अशी नावे आरंभी असावीत. अवयवांचे मांस पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. उंदीर खाणारी मांजर छातीचा तुकडा निवडून खात नाही, आणि हृदयाच्या मांसात तर टॉरिन भरपूर असते. सावध राहायचे ते नावांच्या खेळापासून. युरोपीय नियमांनुसार ‘चिकनसह’ असे लिहिण्यासाठी ४ टक्के चिकन पुरते, अमेरिकेत ३ टक्के. उरलेले मांस कशाचे, ते यादीतच पाहावे लागते. ज्या मांजरीला एखाद्या मांसाची ॲलर्जी आहे, तिच्यासाठी हे प्राणावर नव्हे, तरी कातडीवर बेतणारे असते. दाटपणासाठी घातलेल्या ग्वार गमची भीती बाळगणारे लोक मी पाहिले आहेत. तो आपल्या गवारीच्याच बियांपासून निघतो आणि त्याचा मोठा पुरवठा राजस्थानातून जगभर होतो. नाजूक पोटाच्या एखाद्या मांजरीला तो सोसत नाही, इतकेच. साखर आणि कृत्रिम रंग मात्र मला निरर्थक वाटतात. मांजरीला गोड चव कळतच नाही, कारण ती चव ओळखणारा जिभेवरील ग्राही (रिसेप्टर) बनवणारे तिचे एक जनुक निकामी आहे; ग्रेव्हीचा खरपूस तपकिरी रंग तुमच्या-माझ्यासाठी असतो.

पिल्लांच्या बाबतीत चुकीला वाव फार कमी असतो. पावसाळ्यात जिन्याखाली सापडलेल्या पिल्लाला आपल्याकडे प्रथम दूध-पोळी मिळते आणि नंतर, घरातील कोणी अधिक हौशी असेल तर, उकडलेले बिनहाडाचे चिकन. गाईच्या दुधातील लॅक्टोज अनेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाबाने इवलेसे शरीर पाहता पाहता सुकून जाते. चिकनचा दोष वेगळा: नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी अल्प असते. असा आहार चालू राहिला, तर पिल्लाचे शरीर रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढून घेते, आणि साध्या उडीनेही पाय मोडू शकतो. म्हणून पिल्लासाठी ‘वाढीसाठी’ किंवा ‘सर्व वयोगटांसाठी’ असा निर्देश असलेलेच खाद्य घ्यावे. फक्त वयस्कांसाठीचे नको. साधारण चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडरच द्यावी लागते. त्यानंतर पाते किंवा मूस (फेसाळ, मऊ पेस्ट) कोमट पाण्यात कालवून बशीत ठेवले की पिल्ले आधी त्यात पाय बुडवतात आणि मग खायला शिकतात. दर किलो वजनामागे त्यांची ऊर्जेची गरज वयस्क मांजरीच्या दुप्पट-तिप्पट असते, परंतु पोट चिमुकले असते, त्यामुळे दिवसातून चार वेळा तरी खायला द्यावे आणि दहा-बारा महिन्यांपर्यंत पिल्लांचेच खाद्य चालू ठेवावे.

माशांविषयी लिहिले नाही, तर कोकणातील आणि मुंबईतील वाचक रागावतील. मांदेली आणि बोंबलाच्या डोक्यांवर पोसलेल्या मांजरी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, पण त्या सोबत उंदीर, पाली आणि बरेच काही खात असतात. बंद फ्लॅटमधील मांजरीला रोज फक्त मासा दिला, तर तेलकट माशातील स्निग्धांशाच्या मानाने ई जीवनसत्त्व कमी पडून शरीरातील चरबी सुजण्याचा वेदनादायक विकार होऊ शकतो. काही कच्च्या माशांतील एक विकर (एन्झाइम) बी-१ जीवनसत्त्वही नष्ट करते. परिपूर्ण खाद्याच्या माशाच्या चवीत ही भरपाई केलेली असते. तरी मी चिकन, बदक आणि मासा आलटून-पालटून देते, कारण ट्यूनाची चटक लागलेली मांजर पुढे दुसऱ्या कशालाही तोंड लावत नाही. घरच्या कालवणातील तुकडा मात्र धुऊनही देऊ नये. कांदा आणि लसूण मांजरीच्या तांबड्या पेशी फोडतात.

खर्चाचा विषय टाळण्यात अर्थ नाही. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या घरकोंबड्या मांजरीला दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात आणि ८५ ग्रॅमच्या पाउचमध्ये ६५ ते ८० असतात. म्हणजे रोज तीन पाउच; पन्नास रुपयांचा एक धरला, तरी महिन्याचे साडेचार हजार रुपये. ज्यांना हे झेपत नाही, त्यांनी एक पाउच आणि ३०-३५ ग्रॅम चांगले कोरडे खाद्य असा मेळ घालावा. आमच्याकडेही बहुतांशी हेच चालते. पाउचमध्ये चमचाभर कोमट पाणी घातले की ओलावा वाढतो आणि वासही खुलतो, कारण मांजरींना अन्न शरीराच्या तापमानाइतके उबदार आवडते. उघडलेला पाउच झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. एप्रिल-मेच्या उकाड्यात बशीतले खाद्य तासाभराच्या वर राहू देऊ नये, नाहीतर मांजरीच्या आधी मुंग्या जेवून जातात.

नवे खाद्य निवडले, तरी ते एकदम सुरू करू नये. सात ते दहा दिवसांत जुन्याचे प्रमाण कमी करत न्यावे. ‘भूक लागली की खाईल’ हा माणसांच्या मुलांना लावला जाणारा नियम इथे धोकादायक आहे, कारण उपाशी राहिलेल्या मांजरीच्या, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या, यकृतात काही दिवसांतच चरबी साचून ते निकामी होऊ लागते. वयस्क मांजर दिवसभर काहीच खात नसेल, तर जुने खाद्य परत द्यावे, आणि तेही नाकारले तर पशुवैद्याकडे न्यावे. पिल्लाच्या बाबतीत अर्धा दिवसही थांबू नये.