चार पॉइंट, सहा तास

न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन मला चार वर्षं झाली आणि लायसन्सवर दंडाचे पॉइंटही चारच. वर्षाला एक, असा हिशेब नाही. चारही एका हिवाळ्यातले.

पहिले दोन स्टॉपच्या पाटीचे. सकाळचे पावणेसात, चौकात चिटपाखरू नाही. ब्रेकवर पाय ठेवला, दोन्हीकडे पाहिलं आणि गाडी काढली. माझ्या मते मी थांबले होते. मागून आलेल्या पोलिसाच्या मते चाकं थांबली नव्हती. पुढचे दोन, ताशी 40 मैलांच्या रस्त्यावर 52 ने गेल्याचे. पुण्यात मामांनी अडवलं की आपण गाडी बाजूला लावून त्यांच्याकडे चालत जातो. त्याच सवयीने मी इथे दार उघडून नम्रपणे बोलायला निघाले, आणि पोलीस असा काही ओरडला की मी परत सीटवर कधी बसले ते कळलंच नाही. इथे जागचं हलायचं नसतं, हात स्टिअरिंगवर ठेवून बसायचं.

न्यू जर्सीत पावती फाडून विषय संपत नाही. पॉइंट साठत जातात. ("मिळाले ना? मग छानच की," इति आई, फोनवर.) 3 वर्षांत 6 झाले की वर्षाला 150 डॉलर सरचार्ज, 12 झाले की लायसन्स निलंबित. विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. पॉइंट उतरवायचे तर वर्षभर एकही गुन्हा न केल्यास 3 जातात, आणि डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा, म्हणजे सावधपणे गाडी चालवायचा, कोर्स केला की 2. पण हा कोर्स 5 वर्षांतून एकदाच उपयोगी पडतो आणि आगाऊ करून पुण्य साठवता येत नाही. खात्यावर पॉइंट असतील तरच कमी होतात. विम्यात 3 वर्षं सवलत मात्र कायद्यानेच मिळते.

कोर्स सहा तासांचा. ऑनलाइनही होतो, पण मी समोर लॅपटॉप लावून भाजी निवडत बसले असते, म्हणून शनिवारी वर्गात गेले. पिझ्झा पोचवणारा एक पोरगा, रात्रपाळी संपवून आलेली नर्स, आणि "मी फक्त विम्यासाठी आलोय, माझा एकही पॉइंट नाही" असं सगळ्यांना आळीपाळीने सांगणारे एक गुजराती काका. शिकवणारे गृहस्थ पूर्वी ट्रक चालवायचे.

त्यांचा पहिलाच प्रश्न: पुढचा गाडीवाला काय करेल असं धरून चालायचं? कोणी म्हणालं सिग्नल देईल, कोणी म्हणालं लेन पाळेल. मी म्हटलं, काहीही करेल. गृहस्थ खूश! उभ्या बसच्या पुढून माणूस पळत येणारच, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. टिळक रोडला दहा वर्षं अ‍ॅक्टिव्हा चालवलेल्या बाईला हे शिकवायचं? रिक्षावाल्याचा पाय बाहेर आला की तो कुठे वळणार, हेही मी त्यांना सांगितलं असतं. दुपारपर्यंत मी वर्गातली हुशार मुलगी होते.

जेवणानंतर अंतराचा धडा आला. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागायचं; आपण तिथे पोचेपर्यंत निदान तीन सेकंद व्हायला हवेत. 60 मैलांच्या वेगाने गाडी सेकंदाला 88 फूट जाते, म्हणजे दोन एसटी एकामागे एक लावल्या त्याहून जास्त. मी हात वर केला: एवढी जागा सोडली तर मध्ये कोणीतरी घुसेल.

"घुसू दे. पुन्हा मोज."

यावर मला काही सुचेना. पुढच्याच्या बुडाला चिकटून चालवण्याचे इथे 5 पॉइंट आहेत, स्टॉप न पाळण्याच्या दुपटीहून जास्त. तोवर मी त्याला गुन्हाच समजत नव्हते.

शेवटच्या तासाला त्यांनी फळ्यावर चौक काढला. एक गाडी नियमाने चाललेली, दुसरी स्टॉपवर नुसती हळू होऊन पुढे आलेली, कारण "कोणी दिसलं नाही." पहिलीने कसं वाचायचं? सगळे उत्साहाने उत्तरं देत होते. मी गप्प होते, कारण दुसरी गाडी माझी होती. सकाळपासून सहा तास या लोकांना माझ्यापासून वाचायला शिकवलं जात होतं, आणि हुशारी मारत मीही त्यात मदत करत होते.

आता दोन पॉइंट उरलेत. मे महिन्यात बाबा आले होते. त्याच चौकात, त्याच पाटीपाशी मी गाडी पूर्ण थांबवली.

"अगं, कुत्रंसुद्धा नाहीये रस्त्यावर. कोणाची वाट बघतेयस?"

मी मनात तीन मोजले आणि मग गाडी काढली. बाबा थोडा वेळ बाहेर बघत राहिले.

"पुण्याला आलीस की अशी चालवू नकोस हं. मागून कोणीतरी ठोकेल."