गरोदरपणातली साखर: गोळी की इन्सुलिन?

माझ्या धाकट्या जावेला सातव्या महिन्यात डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिले, तेव्हा परळच्या आमच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो ‘गोळीवर भागणार नाही का?’ हाच. इन्सुलिन म्हणजे मधुमेहाची शेवटची पायरी, असे आमच्या सासूबाईंच्या मनात पक्के बसलेले आहे. गरोदरपणात मात्र ही समजूत लागू पडत नाही. इन्सुलिनचा रेणू मोठा असल्यामुळे तो वार (गर्भाशयातून बाळाला पोषण पुरवणारा अवयव) ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही, उलट मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सहज पोहोचते. म्हणूनच अनेक डॉक्टर आधी इन्सुलिनच निवडतात.

याचा अर्थ मेटफॉर्मिन निषिद्ध आहे असा नाही. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार दोन आठवडे आहार सांभाळून आणि चालूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल, तर औषध सुरू करतात. मेटफॉर्मिन विसाव्या आठवड्यानंतर देता येते, इन्सुलिन केव्हाही. गोळी घ्यायला सोपी आणि तिने साखर फार खाली जाण्याचा धोकाही कमी; पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्या सुमारे ४६ टक्के स्त्रियांना पुढे इन्सुलिनची जोड द्यावी लागली होती.

घरात सर्वाधिक लक्ष द्यावे लागले ते सुईकडे. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे, तर टोचायच्या पेनमधले १०० युनिटचे असते. लाल टोपणाची ४० ची सिरिंज १०० च्या औषधाला वापरली, तर दहाच्या खुणेपर्यंत भरलेले औषध प्रत्यक्षात २५ युनिट होते. केमिस्टकडून घेताना औषध आणि सिरिंज या दोन्हींवरचा आकडा जुळवून पाहावा. घाईच्या वेळी तो आपणहून सांगेलच असे नाही. साखर ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घेता यावे, म्हणून लोकलने जाताना जावेच्या पर्समध्ये त्याची पुडी असतेच. डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी बदलत नाही, सासूबाईसुद्धा नाहीत!

बाळंतपणात वार पडली की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते आणि बहुतेकींचे औषध बंद होते. तरीही सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करायची असते. बाळाची लसही त्याच सुमारास असल्याने दोन्ही कामे एकाच खेपेत उरकायचे आम्ही आत्ताच ठरवून टाकले आहे.