वीज गेली असे वाटलेले गॅरेज

वीज गेली, असेच त्या पोराला वाटले. गाडी धुवायच्या प्रेशर पंपाचे बटण त्याने दाबले, पंप नुसता घुमला आणि वरचा एलईडी दिवा विझला. मृग लागून पाऊस सुरू झालेला, आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे असल्या दिवसांत झाडाची फांदी पडून वीज जाणे नवे नाही. म्हणून बटण तसेच चालू ठेवून तो ओल्या कोब्यावरून शटरकडे गेला आणि हाताच्या पाठीने शटर वर ढकलायला लागला. फेकला गेला. मुठीत धरले असते तर विजेने बोटे आवळली असती आणि हात सुटला नसता. घरचे धावले, दवाखान्यात नेले, ईसीजी निघाला, तो ठीक आला. मुलगा बारावीत आहे, सरांचा भाचा.

सर म्हणजे माझे शाळेतले सर. मी वायरिंगची कामे करतो. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "अरे, वीज गेलेली असताना शॉक कसा बसेल?" मी म्हटले, "सर, गॅरेजच्या शटरला कोणी हात लावू देऊ नका, घरातला मेन पाडा, मी येतो."

गॅरेज घरापासून वीसेक मीटरवर, परसाच्या टोकाला. काम देखणे आहे. चिऱ्याच्या भिंती, छपराला लोखंडी पाइपांची कैची, वर पत्रे, मोटरवर चालणारे शटर, आत गुळगुळीत कोबा. सरांचा मुलगा जहाजावर असतो. त्याने गेल्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि तिच्यासाठीच हे बांधून घेतले. चिऱ्यांच्या घडाईवर आणि शटरवर सढळ हाताने खर्च केलाय. वायरिंगला मात्र कमी दर सांगणारा माणूस धरला. आमच्या धंद्यात हे रोजचे आहे. फरशी दिसते, जमिनीत गेलेली केबल दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला पैसे मोजायला लोकांच्या जिवावर येते.

आत शिरण्याआधी मी एकच चौकशी केली: गाडी रात्री चार्जिंगला लावली होती का? लावली होती, आणि सकाळी अर्धीच भरलेली मिळाली. तिथेच माझ्या मनात न्यूट्रल आला, म्हणजे यंत्रातून वीज परत नेणारी वायर. रात्री कधीतरी न्यूट्रल तुटला असणार.

चार्जिंगचा सॉकेट उघडला. अर्थच्या पिनेवर हिरवी वायर होतीच, पण त्याच पिनेवरून काळ्या वायरचा बोटभर तुकडा न्यूट्रलच्या स्क्रूवर नेऊन घट्ट पिळलेला होता. स्क्रू नीट आवळलेला, वायरचे टोक नीट सोललेले. घाईत चुकून लागलेला तुकडा असा नसतो.

हे का करतात ते सांगतो. गाडीचा चार्जर चालू होण्याआधी अर्थिंग तपासतो. ते नसेल किंवा कमजोर असेल तर लाल दिवा लावून थांबतो. उन्हाळ्यात आमच्या चिऱ्याच्या जमिनीत ओल राहत नाही, तिचा रोध भरमसाट वाढतो, आणि एप्रिल-मेमध्ये हे लाल दिवे लागतात. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधले की चार्जरला वाटते अर्थ उत्तम आहे. दिवा हिरवा होतो, मालक खूश, वायरमनचे पैसे मोकळे. न्यूट्रल जमिनीशी जोडायची जागा ट्रान्सफॉर्मरपाशी असते, गिऱ्हाइकाच्या सॉकेटात नव्हे. एरवी हा तुकडा काही करताना दिसत नाही. ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटतो, त्या दिवशी फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीतून, यंत्रात शिरलेल्या विजेला परतीची वाट उरत नाही, आणि ती या तुकड्यावरून अर्थच्या वायरीत, म्हणजे शटरच्या मोटरीच्या बॉडीत, शटरमध्ये आणि कैचीत उतरते. छोटा दिवा या वाटेवरही लागतो; पंपासारखे जड यंत्र लावले की दिवा विझतो, पंप फिरत नाही, आणि लोखंडात मात्र वीज असते.

न्यूट्रल तुटला कुठे, ते शोधायला पाऊस थांबायची वाट पाहावी लागली. परसातल्या पेव्हरखाली साधा पीव्हीसी पाइप, त्यात दोन कोरची, म्हणजे आत दोनच वायरी असलेली, अॅल्युमिनियम केबल. मध्ये एक छोटे चेंबर पाण्याने काठोकाठ भरलेले. त्याच्या तळाशी अॅल्युमिनियमला तांब्याची वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जोड. टेप सोडला तर न्यूट्रलच्या जोडाची पांढरी भुकटी हातात आली. अॅल्युमिनियम आणि तांबे पाण्यात एकत्र ठेवले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. त्यासाठी बायमेटल लग, म्हणजे हे दोन धातू जोडायचे तुकडे, मिळतात, महागही नाहीत. आणि मुळात तिथे जोड हवाच कशाला? वीस मीटरची केबल अखंड मिळते.

अर्थिंगचा रॉड पाहिला तेव्हा मात्र मला खरा राग आला. गॅरेजच्या मागे जमिनीतून वीतभर सळई वर आलेली, तिला वायर बांधलेली. हलवली तर हलली. उपसली तर दोन-अडीच फुटांची निघाली, वरचे टोक ग्राइंडरने सपाट कापलेले. ठोकताना खाली चिऱ्याचा थर लागला असणार, म्हणून उरलेली कापून टाकली. आयएस ३०४३ हे अर्थिंगचे भारतीय मानक पाइपचा अर्थ अडीच मीटर खोल नेते. उपसण्याआधी मी अर्थ टेस्टर लावून घेतला होता, दोन खुंट्या लांब ठोकून. पावसाने भिजलेल्या जमिनीतही रोध साठ-पासष्ट ओहम; तो जितका कमी तितका अर्थ चांगला. मे महिन्यात किती असेल याचा विचारच करवत नाही.

सरांना हे पटवून देणे सोपे नव्हते. त्यांचे म्हणणे, "एमसीबी बसवला आहे ना?" मग सगळ्यांना दूर उभे करून मी रबरी हातमोजे घालून प्रयोग दाखवला. सळई अजून जागेवरच होती, न्यूट्रल तुटलेलाच होता. घरातली हजार वॉटची इस्त्री त्या लाइनवर लावली आणि मीटरचे एक टोक शटरला, दुसरे दूर बागेत ठोकलेल्या खुंटीला. सव्वाशे व्होल्टच्या आसपास. अडकलेल्या पंपाची मोटर इस्त्रीपेक्षा जास्त वीज ओढते, म्हणजे भाच्याच्या हाताला याहून जास्त लागले असणार. आणि एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच? २३० व्होल्टना साठ ओहम, म्हणजे चार अँपिअरसुद्धा नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो तोडतो, आणि कमजोर अर्थवरही तोडतो.

घरात आरसीसीबी होता. गॅरेजची लाइन मात्र त्याच्या आधीच, थेट मेन स्विचवरून उचललेली. यावर मी पुष्कळ विचार केला. त्या तुकड्यासह लाइन आरसीसीबीखाली घेतली असती, तर गाडी लावताच तो पडला असता, कारण परतीची थोडी वीज अर्थच्या वाटेने गेली असती. म्हणजे तो पडत होता, म्हणूनच लाइन मागे नेली असणार. चार्जरने सांगितले, ऐकले नाही. आरसीसीबीने सांगितले, त्यालाही वगळले.

नवे काम असे केले. तीन कोरची तांब्याची दहा चौरस मिलिमीटर आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची, केबल, पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू आणि वर विटा, दोन्ही टोकांना केबल घट्ट धरणारे ग्लँड. मध्ये एकही जोड नाही. गॅरेजमध्ये वेगळा डीबी, म्हणजे स्विचांची पेटी, त्यात फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा स्विच. दिव्यांना आणि पंपाला एक आरसीसीबी, गाडीला स्वतंत्र, टाइप ए. साधा टाइप एसी आरसीसीबी गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती आली तर आंधळा होऊ शकतो, हे दुकानदारांनाही सांगावे लागते. मागितला टाइप ए, तर "तेच आहे हो" म्हणून दुसराच हातात ठेवतात. डब्यावरची खूण बघून घ्या. शटर आणि कैची वेगळ्या अर्थ वायरने जोडून घेतली.

अर्थच्या खड्ड्यांसाठी जागा मी मुद्दाम निवडली. न्हाणीचे पाणी जिथे माडांना सोडलेले आहे, त्या आळ्यांच्या कडेला. मे महिन्यातही ती माती ओली असते. पहारीने चिऱ्याचा कडक थर फोडला की खाली मऊ, चिकट, पिवळट माती लागते, आणि अर्थला हवी असते ती तीच. गडी वरच्या थरालाच कंटाळतात, तिथेच सगळे बिघडते. दोन पाइप पुरते खाली नेले, एकमेकांना जोडले, केबलच्या तिसऱ्या कोरने घराच्या अर्थशीही. टेस्टरवर आठ ओहमच्या आत. चार्जरचा दिवा पहिल्या फटक्यात हिरवा, आणि कुठल्याही तुकड्याशिवाय.

आधीच्या वायरमनला मी ओळखतो. भेटलो तेव्हा तो म्हणाला, "चार्जरवाले म्हणाले तुमच्या अर्थचा प्रॉब्लेम, मालक म्हणाले आजच गाडी चार्ज झाली पाहिजे, मी काय करणार?" मी म्हटले, "खड्डा खणायला दोन दिवस लागतील, एवढे सांगायचे होते." तो गप्प राहिला. माणूस वाईट नाही, हात चांगला आहे. त्याच्यावर भडकणे सोपे आहे, पण लाल दिवा दिसल्यावर घाई करणारा मालक आणि फोनवरून "अर्थ बघा" म्हणून मोकळा होणारा माणूस हेही त्या तुकड्यात आहेत.

सरांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीत, अजून दोन गॅरेजे त्यानेच वायर केली आहेत, दोन्हीकडे इलेक्ट्रिक गाड्या. मी विचारल्यावर त्याने कबूल केले, तिथेही तसेच केले आहे. एका घरी सर स्वतः माझ्याबरोबर आले, तुकडा काढला, आणि नवे काम होईपर्यंत तिथे गाडी लावायची नाही असे ठरले. दुसऱ्या घरचे म्हणतात, आमचे वर्षभर व्यवस्थित चालले आहे, उगाच खर्च कशाला. फोटो दाखवले, भाच्याचे सांगितले. रविवारी मुलगा घरी येईल तेव्हा बघू म्हणाले. मी रविवारी टेस्टर घेऊन जाणार आहे.